लुईनं वेळीच ऐकलं असतं तर? चार पुतळ्यांपाशी सुरू झालेला वाद

भुईकोटसमोर
१२ जानेवारीला सकाळी भाचीला घेऊन सोलापुरातल्या चार पुतळ्यांपाशी गेलो होतो. हार घालून झाले होते, माणसं पांगत होती. तिला सांगितलं की १९३० च्या मे महिन्यात तीनेक दिवस या गावात इंग्रजांचं राज्यच नव्हतं. मग मार्शल लॉ आला, आणि १९३१ साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फासावर चढवलं. पोरगी नववीत आहे, पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांती चालू आहे. तिनं विचारलं, "मामा, फ्रान्सच्या राजानं आधीच ऐकलं असतं तर त्याची मान वाचली असती का?"

मी म्हणालो, नाही. आणि घरी आल्यावर वाटलं, इथं मांडून बघावं.

सोळावा लुई बहिरा नव्हता. तिजोरीला भोक पडलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडची जिरवायला पैसा ओतला, तोही उसना. १७८८ पर्यंत सरकारी खर्चातला जवळजवळ निम्मा पैसा कर्जापायीच जात होता. उपायही सगळ्यांना माहीत होता, सरदार आणि चर्च यांच्यावर कर बसवायचा. तुर्गो या अर्थमंत्र्यानं खटपट केली, त्याला १७७६ मध्ये घरी पाठवलं. नंतरच्या अर्थमंत्र्यानं, कालोननं, १७८७ मध्ये बड्या लोकांची सभा बोलावली, तिनं हात वर केले. म्हणजे 'माझी सत्ता देवानं दिलेली' म्हणणाऱ्या राजाला स्वतःच्याच दरबाऱ्यांकडून कर काढता येईना! शेवटी मे १७८९ मध्ये चर्च, सरदार आणि सामान्य अशा तिन्ही वर्गांची जी सभा बोलावली ती १६१४ नंतर भरलीच नव्हती. १७५ वर्षं बंद असलेलं दार उघडलं की आत काय निघेल, कोण सांगणार?

तर माझं म्हणणं एवढंच. अनियंत्रित राजा आपणहून उतरत नाही, उतरवावा लागतो. उतरल्याचं एक तरी उदाहरण दाखवा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडून.

अक्कलकोटी
भाकऱ्या थापायला सांगा, दाखवतो.

औंध. सोलापुरातून सांगोल्याच्या पुढं गेलात की आटपाडी लागतं, ते औंध संस्थानातलं. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये जाहीर केलं की कारभार रयतेच्या हाती देतो, आणि १९३९ च्या जानेवारीत तसा कायदाच आणला. त्यात ग्रामपंचायतींना खरे अधिकार होते. मसुद्यात गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा माणूस राबत होता. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, म्हणजे कैद्यांची भिंतीविना वसाहत, त्याच काळातलं. कुठं पॅरिसच्या बास्तिलसारखा तुरुंग फोडावा लागला? तुरुंग राजानंच उघडा करून दिला.

हे गावठी वाटत असेल तर डेन्मार्क घ्या. १६६० पासून तिथं पक्की अनियंत्रित राजेशाही. १८४८ मध्ये सातव्या फ्रेडरिकनं ती सोडली आणि १८४९ च्या जूनमध्ये राज्यघटना झाली. भूतानात तर लोक नको म्हणत असताना राजानं २००८ मध्ये निवडणुका घ्यायला लावल्या.

आमच्या अक्कलकोटातही भोसल्यांचं संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात गेलं. लोक अजून राजवाड्याकडं आदरानंच बघतात. प्रत्येक राजा लुई नसतो हो.

भुईकोटसमोर
औंध मोजणार नाही. भवानराव मोठा माणूस, पण त्यांच्या डोक्यावर इंग्रज बसलेला. जो अनियंत्रित नव्हताच त्यानं सोडलं काय?

डेन्मार्कचं साल परत वाचा. १८४८. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये फ्रान्सचा तेव्हाचा राजा लुई फिलीप पळाला, मार्चमध्ये कोपनहेगनच्या रस्त्यावर हजारो लोक राजवाड्याकडं निघाले, आणि मग फ्रेडरिकला उपरती झाली. शेजारचं छप्पर पेटल्यावर आपल्या छपरावर घागर ओतली, याला दानधर्म म्हणत नाहीत. भूतानचं मात्र मान्य करतो. अर्धी भाकरी.

अक्कलकोटी
शेजाऱ्याचं बघून का होईना, उतरला ना? ऐकलं म्हणूनच त्याची मान वाचली. तुमच्या भाचीचा प्रश्न नेमका तोच होता, आणि तुम्ही तिला चुकीचं उत्तर दिलंत.

साखर पेठ
काय बे, दोघंबी राजाच्याच तोंडाकडं बघत बसलाव. राजा ऐकतो का नाही ते सोडा. शिपाई ऐकतो का, ते बघा की.

आमचा आजा जुन्या मिलमध्ये साच्यावर होता, म्हणून मला रशियाचं जवळचं वाटतं. १९१७ च्या ८ मार्चला (त्यांच्या जुन्या पंचांगानं २३ फेब्रुवारी) पेत्रोग्राडच्या, म्हणजे त्यांच्या तेव्हाच्या राजधानीतल्या, कापडगिरण्यांतल्या बायका काम टाकून बाहेर पडल्या. भाकरीला पीठ नाही, रांगेत उभं राहून पाय गेले, एवढंच कारण. चार दिवसांनी पलटणी फिरल्या आणि आठवडाभरात झारची, म्हणजे तिथल्या राजाची, गादी खलास. आता १९०५ बघा. झार तोच, गाव तेच, लोक तर राजाच्या तसबिरी घेऊन अर्ज द्यायला निघालेले. शिपायांनी गोळ्या घातल्या, आणि झार पुढं बारा वर्षं टिकला. फरक काय पडला? बंदूक धरणारा तेवढा बदलला.

बास्तिलचंही तसंच. आत कैदी सातच होते. लोक आधी बंदुका आणि दारूगोळा शोधत होते, पण निकाल लागला तो फ्रेंच गार्ड पलटणीचे शिपाई तोफा घेऊन लोकांच्या बाजूला आले तेव्हा. आणि आपल्या सोलापुरात १९३० ला शिपाई फिरला नाही. म्हणून तीन दिवस स्वातंत्र्य आणि नंतर मार्शल लॉ. गर्दी तर इथंबी कमी नव्हती लगा.

भुईकोटसमोर
साखर पेठ, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, मानतो. पण शिपाई का फिरला, हे राहिलंच. १९१७ च्या पेत्रोग्राडमधले शिपाई म्हणजे शेतावरनं उचलून आणलेली पोरं. आघाडीवर जायचं नव्हतं, आणि समोर पिठाच्या रांगेतली बाई बघितली की त्यांना घरची आठवायची. त्यांना फिरवलं ते राजाच्या न ऐकण्यानंच.

नळदुर्गची नात
तुम्ही पॅरिस-पेत्रोग्राड फिरून आलात, पण इथून जवळच हैदराबादच्या निजामाची हद्द होती ते कोणालाच आठवलं नाही. औंध 'खरं अनियंत्रित नव्हतं' म्हणता, मग निजाम घ्या. त्याची सर्फ-ए-खास म्हणून खासगी जहागीर होती, तिचा महसूल सरकारात नव्हे, थेट त्याच्या पदरात. ती १९४९ मध्ये संपली. तोवर राजाचा खिसा आणि रयतेचा महसूल यांच्यात पडदाच नव्हता, अगदी फ्रेंच राजाच्या व्हर्सायसारखं.

आजी १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं नळदुर्गाकडून सोलापुरात आली. बैलगाडी अर्ध्या वाटेत सोडली. पदराच्या गाठीत १४ रुपये होते, सगळे हाली, म्हणजे निजामाचे. इथल्या वाण्यानं ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, बाई, हे इथं चालत नाही, कलदार, म्हणजे इकडचा रुपया, लागेल. मग मोडीचा भाव सांगितला, ७ हालीला ६ कलदार. तिनं ७ मोडले. भाव तोच सगळीकडं होता, वाण्यानं फसवलं नव्हतं. पण आजी मरेपर्यंत म्हणायची, हद्द ओलांडताना एक रुपया वाटेत सांडला.

१३ सप्टेंबरला सोलापुराकडून रणगाडे नळदुर्गाच्या रस्त्यानं गेले. १७ तारखेला निजामानं हत्यार खाली ठेवलं. तो ना आपणहून उतरला, ना रयतेनं खेचला. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे लोक, स्वामी रामानंद तीर्थ, सगळे झगडले, तुरुंगात गेले, पण शेवटचा धक्का बाहेरच्या फौजेचा. आणि पूर्ण उतरला तरी कुठं? १९५६ पर्यंत राजप्रमुख म्हणून होताच. संस्थानिकांचे सरकारी तनखे तर १९७१ मध्ये बंद झाले. आता हे कोणाच्या खात्यात घालणार, भुईकोटवाले?

विजापूर वेस
ताई, आजीचं वाचून गलबललं. पण त्याच रस्त्यावरची दुसरी बाजू लिहिल्याशिवाय राहवत नाही. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे त्याच फौजेच्या कारवाईनंतर, मराठवाड्यात जी कत्तल झाली, तिच्यात राजवाड्यातलं कोणी नव्हतं. सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजार माणसांचा आहे. आमच्या घरात त्या सालाचा विषय निघाला की मोठी माणसं उठून आत जायची. रझाकारांनी जे केलं त्याचा हिशेब त्यांच्याशी कधीच संबंध न आलेल्या शेतमजुरांकडून वसूल झाला.

फ्रान्समध्येही तेच. दहशतीच्या काळात सुमारे १७ हजार लोकांना रीतसर शिक्षा होऊन मारलं, त्यात बहुतेक साधी माणसं होती, सरदार थोडे. राजाला उतरवा, माझी ना नाही. पण 'उतरवावा लागतो' हे वाक्य इतक्या सहज लिहू नका.

अक्कलकोटी
हेच म्हणत होतो. आणि एवढं रक्त सांडून मिळालं काय? १८०४ मध्ये नेपोलियन सम्राट. एक मुकुट खाली, दुसरा वर.

भुईकोटसमोर
विजापूर वेस, बरोबर आहे तुमचं. वाक्य मागं घेत नाही, पण ज्या तोऱ्यात लिहिलं तो तोरा घेतो.

अक्कलकोटी, नेपोलियनचं मात्र अर्धंच सांगितलंत. १८१४ मध्ये सोळाव्या लुईचं बूर्बाँ घराणं परत गादीवर आलं, तेव्हा अठराव्या लुईला येतानाच राज्यघटनेसारखी सनद द्यावी लागली. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्रीपासून सरदारांचे जे हक्क मोडीत निघाले ते परत आणायची त्याची छाती झाली नाही. चर्चच्या विकलेल्या जमिनी ज्यांनी घेतल्या त्यांच्याकडंच राहिल्या. इंग्लंडात १६४९ ला चार्ल्सची मान गेली, १६६० ला त्याचा पोरगा परत आला, पण १६८९ नंतर संसदेला विचारल्याशिवाय कर बसवता येईना. मुकुट परत येतो हो, पण पहिल्यासारखा बसत नाही.

साखर पेठ
म्हणजे हालीचा कलदार. मोडताना एक रुपया जातोच.

अक्कलकोटी
ते सगळं ठीक. भाकरीचं काय ठरलं? भूतानची अर्धी कबूल केलीय तुम्ही, डेन्मार्कची अर्धी मी सोडणार नाही.

भुईकोटसमोर
रविवारी या, एक पूर्ण देतो. साखर पेठलाही घेऊन या. नातताई, आजीचे उरलेले ७ रुपये आहेत का अजून? भाचीला दाखवायचे होते.

नळदुर्गची नात
त्यातले सहा रुपये नंतर कधीतरी गेले. एक आहे, चारमिनारचा. पेटी आईकडं आहे, जुळे सोलापूरला. रविवारी घेऊन येते, पण मोडायला मागू नका.