अनुभव धागा : जुनी आलिशान एसयूव्ही घेतलीत, सोडलीत, की विकून मोकळे झालात?

आमची हॅचबॅक अकरा वर्षांची झाली. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि महिन्यातले पंधरा दिवस आई-बाबा. पुणे-कणकवलीच्या वर्षाला चार खेपा, आणि दर वेळी कोणीतरी एसटीने मागून येतं.

बजेट १६ लाख, त्यातले ९ हातात. फ्लॅटचा हप्ता ३८ हजार चालूच आहे. नवीन मध्यम एसयूव्ही बघायला निघालो होतो, तेवढ्यात मित्राने जाहिरात पाठवली. २०१८ ची जर्मन, सात सीटची, डिझेल, ७४ हजार किलोमीटर, एकच मालक, डॉक्टर. (जुन्या गाडीचा मालक कायम डॉक्टरच का असतो?) नवी असताना साठ लाखांच्या पुढची, आता १७ सांगतायत. दार लावल्यावरचा तो 'धप्प' ऐकला आणि दोन रात्री झोप नाही. बायको म्हणते, "आवाजाचे किती लावलेत?"

घरखर्च सांभाळून ज्यांनी ही उडी मारली, किंवा काठावरून परत आले, त्यांनी लिहा. आकड्यांसकट. तक्रार असेल तर कंपनीचं नाव नको, मग भांडणंच होतात.

अंबरनाथची

लिहायला नको वाटतं, पण लिहिते. २०२१ मध्ये आठ वर्षांची, सात सीटची डिझेल घेतली, साडेतेरा लाखांना. पाच रोख, बाकी कर्ज. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त लागतं हे बँकेत बसल्यावर कळलं. तोवर टोकन देऊन झालं होतं.

पाच महिने मजेत गेले. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा. डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जळायला गाडी अधूनमधून सलग वीसेक मिनिटं बऱ्या वेगात पळावी लागते. आमची रोज घर ते स्टेशन चार किलोमीटर, तेही रांगत. फिल्टर तुंबला. सर्व्हिस सेंटरने नवीनच टाका म्हणून १ लाख ८० हजारांचा कागद हातात दिला. बाहेरच्या एका मेकॅनिकने काढून, धुऊन २२ हजारांत बसवला आणि वर सल्ला, "वहिनी, दर रविवारी हायवेला पळवून आणत जा." म्हणजे कुत्र्यासारखं गाडीला फिरवायला न्यायचं!

दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी खाली येऊन बघते तर गाडी मागच्या डाव्या चाकावर बसलेली, म्हैस बसते तशी. एअर सस्पेन्शन. स्प्रिंगच्या जागी रबराचा हवा भरलेला फुगा असतो, तो चिरला होता. एक फुगा ५८ हजार. दुसराही त्याच वयाचा, म्हणून जोडीनेच बदलायचा. आणि फुगा कित्येक दिवस हळूहळू गळत होता, त्यामुळे हवा भरणारा कॉम्प्रेसर राबून राबून जळालेला. तो वेगळा.

मिस्टरांनी वही ठेवली होती. २२ महिन्यांत हप्ता, डिझेल आणि विमा सोडून ४ लाख ३६ हजार. विकली साडेआठला.

वहीत न आलेलं सांगते. सोसायटीच्या गणपतीची आमची पावती ११०१ वरून ५००१ झाली. प्लंबर आधी गाडी बघायचा, मग दर सांगायचा. आणि सासरमाहेरच्या कुठल्याही लग्नात नवरदेवाची गाडी आमचीच. हार त्यांचे, रंगावरचे सेलोटेपचे डाग आमचे.

शिरवळमार्गे

मी उलट बाजूने. जपानी, शिडी-चासीवाली, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली, पुढाऱ्यांच्या ताफ्यात असते तीच जातकुळी. २०१७ ची, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली, १९ लाखांना घेतली. ऐपतीबाहेरच होती, उसाचं बिल वेळेवर आलं म्हणून जमलं. महिन्याला अडीच हजार किलोमीटर हायवेच असतो, त्यामुळे ताईंचा फिल्टरचा ताप मला नाही. चार वर्षांत तेल, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, बास. पार्ट कराडात मिळतो. मिळाला नाही तर संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने पुण्याहून येतो. आलिशान म्हणाल तर खंबाटकी उतरताना मागच्या सीटवर आई "ट्रॅक्टर बरा" म्हणते. पण उद्या विकायला काढली तर परवा गिऱ्हाईक दारात. त्रास एकच. पांढरी आहे. ढाब्यापासून मुलाच्या शाळेपर्यंत सगळे आधी विचारतात, "कुठल्या पक्षात?"

स्टॅकवाला

तुमची सोसायटी मजल्यामजल्यांचं पार्किंग देते का? आमच्याकडे गाडी वर उचलणाऱ्या पाळण्यावर पाटी आहे, कमाल वजन २००० किलो. मी बघितलेली गाडी २३०० भरली. विषय संपला.

कृष्णाकाठ

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आमच्या गल्लीतल्या गाड्यांच्या टपावरून पाणी गेलं. उतरल्यावर क्रेन येऊन एकेक गाडी उचलून नेत होती. त्या कुठे जातात याचं उत्तर पुढच्या दिवाळीत पुण्यात मिळालं. एक एसयूव्ही बघायला गेलो, आतून चकाचक, अत्तराचा घमघमाट. मागचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला तर टोकाला गाळाची तांबूस रेघ. आमच्या भिंतींवर तीच आहे, ओळखायला वेळ लागला नाही. स्टेपनी उचलली, खाली खाचेत वाळलेला चिखल. विक्रेता म्हणाला, "पावसात काच उघडी राहिली होती." काच उघडी राहिली तर बेल्टच्या गुंडाळीत कृष्णामाई येते होय? ही गाडी पाच महिने नीट चालते. मग आतल्या वायरिंगला हिरवट गंज धरतो आणि वायपर लावला की हॉर्न वाजतो. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये बुडालेल्याही कुठेतरी फिरतच असतील.

घोडबंदर रोड

दिल्लीच्या गाड्यांबद्दल. तिथे १० वर्षांपुढच्या सगळ्याच डिझेलवर बंदी होती, म्हणून आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या गाड्या इकडे स्वस्तात यायच्या. मी चार लाखांच्या फरकाला भुललो. इथे नोंदणी बदलताना महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो आणि तो तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही, मूळ किमतीवरून, वय बघून काढतात. चारातले अडीच तिथेच गेले. त्यात पहिल्या मालकाने कर्ज फेडलेलं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. तो उतरल्याशिवाय तिथल्या आरटीओची एनओसी नाही. अडीच महिने गाडी बिल्डिंगखाली झाकून ठेवली, शेजारी रोज विचारायचे. टोकन देण्याआधी सरकारच्या 'परिवहन' संकेतस्थळावर नंबर टाकून बोजा, कितवा मालक आणि दंडाच्या पावत्या बघा. दोन मिनिटांचं काम.

हात काळे

वीस वर्षं गॅरेज आहे. गाडी चांगली-वाईट नंतर, आधी सवय बघा. गाडी सकाळी, थंड इंजिनवर बघायची. तुम्ही पोचायच्या आधी बॉनेट गरम असेल तर काहीतरी लपवायचंय. थंड इंजिन चालू करताना आतल्या साखळीचा खडखडाट, निळा धूर, सगळं पहिल्या दहा सेकंदांत कळतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. चारी चाकं ओढणाऱ्या गाडीला दोन नवे, दोन जुने टायर असतील तर मालक कंजूष होता, आणि कंजुषीने गिअरबॉक्सचं तेलही बदललं नसणार. "हे तेल आयुष्यभराचं" म्हणतील. कोणाच्या आयुष्याचं ते विचारा. बाकी, गाडी १७ लाखांची झाली म्हणून हेडलाइट १७ लाखांच्या गाडीचा होत नाही, तो साठ लाखांवालीचाच राहतो.

पॉलिसीवाली

त्या हेडलाइटचंच पुढे. जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे पार्टची झीज न कापणारा विमा, सहसा मिळत नाही. मग प्लॅस्टिक-रबराच्या पार्टचे दाव्यात निम्मेच पैसे मिळतात. बंपर फुटला की अर्धा तुमचा. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची हप्त्यातली सूट, जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. आणि पॉलिसी नावावर करायला १४ दिवस असतात. "आरसी आली की बघू" म्हणणाऱ्यांचे दावे मी अडकलेले बघितलेत.

दोन नातवांची आजी

आमच्या मुलाने घेतली. मला चढायला स्टूल लागतं. स्टूल डिक्कीत असतं आणि डिक्की उघडायला तो उतरून येतो. तुझ्या आईला गाडीत बसवून बघितलंस का रे?

(धागाकर्ता)

नाही बघितलं, काकू. कालच आईला घेऊन गेलो. डावा हात वरच्या हँडलला धरून चढली, उतरताना मात्र बाबांना पुढे व्हावं लागलं. मागच्या रांगेत मुलं खूश, बायको शांत.

बॉनेटला हात लावला. गरम होतं. टायर पुढचे २०२३ चे, मागचे २०१९ चे. अत्तर नव्हतं, बेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ. सर्व्हिसचे कागद ६० हजार किलोमीटरपर्यंत आहेत, पुढचे "घरी असतील". डॉक्टर खरंच डॉक्टर निघाले, भले वाटले. त्यांचंही रोजचं येणं-जाणं घर ते दवाखाना, तीन किलोमीटर. हे त्यांनी गाडी जपल्याचं म्हणून सांगितलं. मला अंबरनाथच्या ताईंचा पिवळा दिवा दिसायला लागला.

शनिवारी मेकॅनिक आणि गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर घेऊन सकाळी साडेसहाला पुन्हा जातोय. आम्ही येईपर्यंत चावी लावू नका, असं फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढ्या सकाळी?"