मदत हवी आहे: संकेश्वरी मिरचीत मूळकुजीची प्रतिकारशक्ती कशी आणावी?

नमस्कार मंडळी. गडहिंग्लज भागात आम्ही संकेश्वरीचं बी घरचंच धरतो. जोराचा पाऊस झाला की सरीच्या खालच्या टोकाची झाडं उभ्या उभ्या माना टाकतात. उपटली तर मातीलगतचं खोड काळं पडलेलं आणि मुळांची साल बोटांत निघून येते. तपासणीत फायटोफ्थोरा कॅप्सिसी (मूळकूज करणारा बुरशीसारखा रोगजंतू) निघाला. गादीवाफा, ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी), मेटालॅक्झिल (बुरशीनाशक) सगळं चालू आहे, ते कृपया पुन्हा सांगू नका. मला मूळ जातच टणक करायची आहे.

मेक्सिकोची 'क्रिओलो दे मोरेलोस ३३४' ही जात या रोगाला दाद देत नाही. पण तिची फळं बारकी, आणि प्रतिकारशक्ती एका जनुकावर नाही. पाचव्या गुणसूत्रावरचा भाग मोठा, बाकीचे किरकोळ. त्यामुळे संकेश्वरीशी पुन्हा पुन्हा संकर करताना ती हातातून निसटेल अशी धास्ती आहे. कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी परागकोश काढून पिशवी बांधणं जमतं, अडचण पुढची आहे.

दिल्लीच्या एनबीपीजीआरकडून (पिकांच्या जातींचं बी जपणारी राष्ट्रीय संस्था) असं बी एकट्या शेतकऱ्याला मिळतं का, की कृषी विद्यापीठामार्फतच जावं लागतं? प्रत्येक पिढीत किती रोपं तपासावीत? रोगट शेतातली माती कुंडीत घालून चाचणी केली तर फ्युझॅरियम ही मर रोगाची बुरशीही सोबत येणार, मग रोप नेमकं कशानं मेलं हे कसं ओळखायचं? शिवाय मूळकूज सोसणारं रोप याच फायटोफ्थोराच्या पानांवरच्या करप्याला बळी पडू शकतं, म्हणजे दोन्ही चाचण्या वेगळ्याच घ्याव्या लागतील ना?

प्रत्यक्ष निवड केलेल्यांनी जरूर लिहा.