मदत हवी आहे: गिटारच्या बॉडीवर फ्लेम मेपलचा टॉप कसा चढवू?

नमस्कार मंडळी,

दादाची जुनी स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे आली आहे. नेक सरळ, आवाज गोड, पण बॉडीचा रंग जागोजागी उडालाय. तिच्यावर फ्लेम मेपलचा, म्हणजे आडव्या लहरी रेघांच्या मेपल लाकडाचा, बुकमॅच टॉप (उघडलेल्या पुस्तकासारख्या जोडलेल्या दोन फळ्यांचा दर्शनी थर) चढवावा असं फार मनात आहे. गिटार जरा कलती केली की त्या आडव्या रेघा हलल्यासारख्या दिसतात, त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

अडलंय जाडीपाशी. बॉडी ४५ मिमी, आणि माझ्याकडे एकाच तुकड्यातून चिरलेल्या ५ मिमीच्या दोन फळ्या आहेत. तशाच चिकटवल्या तर ब्रिज ५ मिमी वर जाणार आणि १६ मिमीचं नेक पॉकेट (नेक बसते तो खाचा) २१ मिमी खोल होणार. म्हणजे आधी बॉडीवरून तेवढा रंधा मारायला हवा. ते जमेल, पण हात टेकतो तिथल्या उतारावर ५ मिमी मेपल वाकणार कसं?

म्हणून ०.६ मिमीचं व्हिनियर (लाकडाचा पातळ पत्रा) एका उरलेल्या फळीवर लावून पाहिलं. ओला वुड ग्लू लावताच पत्र्याची सुरळी झाली. कशीबशी दाबून रात्रभर क्लॅम्प लावले. सकाळी मधोमध तळहाताएवढा फुगा, टिचकी मारली की पोकळ आवाज. शिवाय ग्लू छिद्रांतून वर आला होता, तिथे डाय (लाकडात मुरणारा रंग) चढलाच नाही.

जाड टॉप की व्हिनियर? आणि जाड टॉप लावला तर झाकलेले पिकअपचे (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागांचे) खड्डे परत नेमके कसे सापडतात?

प्रतिसाद १

उतार ठेवायचा असेल तर व्हिनियरच. जाड टॉप सपाट बॉडीवर शोभतो. उतारावर तो कोरत गेलात की खालचं लाकूड उघडं पडतं.

खड्ड्यांचं म्हणाल तर रंधा मारण्याआधीच एमडीएफवर (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीवर) त्यांचा टेम्प्लेट, म्हणजे कापायचा साचा, करायचा. नेकच्या स्क्रूची चार भोकं आरपार असतात. टॉप चिकटवल्यावर मागून त्यांतूनच बारीक ड्रिल वर काढा, टेम्प्लेट त्यावर बसवा. अंदाजाने राउटर (खड्डे कोरायचं मशीन) लावू नका.

व्हिनियरला ओला ग्लू नको. बॉडीवर आणि पत्र्याच्या पाठीवर पातळ हात द्या, दोन्ही सुकू द्या, मग मध्ये सुती कापड ठेवून गरम इस्त्री फिरवा. ग्लू उष्णतेने पुन्हा धरतो. फुगा राहिलाच तर लाकडाच्या तंतूंच्या दिशेने ब्लेडने चीर देऊन आत थोडा ग्लू सारा, परत इस्त्री. त्याआधी जुना रंग मात्र पार लाकडापर्यंत काढा, रंगावर ग्लू धरत नाही. शेवटी पॉलिश पेपर हातानेच, २४० पासून पुढे. मशीन लावलंत तर ०.६ मिमी कधी संपलं ते कळतही नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार! व्हिनियरच करतो, फळ्या एखाद्या सपाट बॉडीसाठी जपून ठेवतो. मधला जोड आधी टेपने बांधून घेऊ का?

प्रतिसाद १

हो, टेप वरच्या बाजूने. इस्त्रीने पत्रा सुकून आकसतो, म्हणून जोडापासून सुरुवात करून कडांकडे जा. कडेला बोटभर जादा पत्रा सोडा, तो नंतर कापता येतो.