विंडोज सोडायचं तर आधी हे तपासा
टेलिमेट्री, म्हणजे विंडोज आपल्या वापराची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवतं ती, सेटिंगमधून बंद करता येते मग विंडोज सोडून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम कशाला, असं काहीजण विचारतात. पण विंडोज ११ च्या होम आणि प्रो आवृत्त्यांमध्ये फक्त ऑप्शनल डेटा बंद होतो, रिक्वायर्डवाला (सक्तीचा) जातच राहतो, आणि मला हे अजिबात पटत नाही. आता सॉफ्टवेअरचं. लिनक्सवर एमएस ऑफिसऐवजी वापरतात त्या लिब्रेऑफिसमध्ये साध्या फायली व्यवस्थित उघडतात, पण एक्सेलचे मोठे मॅक्रो (फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) असतील तर गडबड होते, फोटोशॉपची तर लिनक्स आवृत्तीच नाहीये, त्यामुळे वाइनच्या (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) भरवशावर कामाचं मशीन प्लीज बदलू नका, ज्या एकदोन प्रोग्रॅमवाचून अडतं ते व्हर्च्युअल मशीनमधल्या (लिनक्सच्या आतच चालणारा आभासी संगणक) विंडोजवर ठेवा, बाकी सगळं मिंटवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर. आधी मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वायफाय, प्रिंटर, साउंड बघून घ्या, इन्स्टॉल करेपर्यंत डिस्क आहे तशीच राहते. आणि बॅकअप घ्याच!