मदत हवी आहे: अल्डॅक्टोनमुळे दादाची दारू कमी झाली, डोस वाढवू का?

सायली_क:
दादाला अल्डॅक्टोन सुरू झाल्यापासून रोजच्या क्वार्टरवरून एखाद्या पेगवर आलाय. "नकोच वाटते" म्हणतो. वहिनी म्हणते, गोळी दुप्पट करून बघू. डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर वाढवली तर चालेल का? लवकर सांगा.

रानवारा:
गोळी दिली कशासाठी? बीपी की लिव्हर? किती मिग्रॅची? बाकी काय चालू आहे?

बापू_सातारकर:
गोळ्यांनी दारू सुटत नसते. पुण्याला मुक्तांगणमध्ये न्या. माझा मेहुणा तिथूनच सुधारला.

औषधवाला:
बापू, मुक्तांगण चांगलंच आहे, पण ताईंचं निरीक्षण उडवून लावू नका. ही गोळी अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचं काम अडवते. 2022 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांना हे औषध दिलं तेव्हा त्यांचं दारू पिणं घटलं. तिथल्या माजी सैनिकांच्या नोंदींतही ही गोळी घेणाऱ्यांचं पिणं न घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालेलं दिसलं. पण त्या जुन्या नोंदी, त्यावरून दारूसाठी डोस ठरत नाही.

मृण्मयी०७:
मला हीच गोळी पीसीओडीत हनुवटीवरच्या केसांसाठी दिली होती. फरक पडायला महिने लागतात, धीर धरा.

जय_मल्हार:
डायसल्फिराम चहातून द्या, ती घेऊन दारू प्यायली की त्रास होतो. कळणारही नाही.

औषधवाला:
अजिबात नको! न सांगता दिली आणि तो प्यायला, तर बीपी एकदम खाली जाऊ शकतो. लिव्हर खराब असेल तर आणखी धोका.

जय_मल्हार:
आमच्याकडे दिली होती, काही झालं नाही.

रानवारा:
तुमचं नशीब. सायली, माझ्या प्रश्नांचं काय?

सायली_क:
लिव्हरच. पोटात पाणी झालंय. 100 ची गोळी, सोबत लघवी वाढवणारी लॅसिक्स 40. ताकद यावी म्हणून रोज शहाळं देतो, मीठही लो सोडियमवालं आणलंय.

औषधवाला:
शहाळं आणि ते मीठ, दोन्ही आज बंद करा. ही गोळी शरीरात पोटॅशियम साठवते, शहाळ्यात ते भरपूर असतं, आणि त्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराईड असतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. डोस घरी वाढवायचा नाही. आणि रोजची दारू अशी झपाट्याने कमी झाली की हात थरथरणं, बरळणं, फिट येणं होऊ शकतं. तसं दिसलं तर थेट हॉस्पिटल. शेवटच्या रिपोर्टात पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) किती?

बापू_सातारकर:
आणि मुक्तांगणचं लक्षात ठेवा.

सायली_क:
फाइल मिळाली. पोटॅशियम 5.6, शेजारी वर जाणारा बाण. रिपोर्ट शहाळी सुरू करायच्या आधीचा आहे. सोमवारपर्यंत थांबू?

औषधवाला:
नाही. आत्ता डॉक्टरांना फोन करा, नाही लागला तर कॅज्युअल्टीत न्या. शहाळं, मीठ सगळं सांगा. दारू कमी झाल्याचंही सांगा, त्यावरची औषधं लिव्हर बघून तेच ठरवतील.