मालदीवला एवढे पैसे घालावेत का? ठाणे-नवी मुंबईकरांचा अनुभव धागा

मेच्या सुट्टीची तिकिटं बघायला घेतली की घरोघरी हाच विषय निघतो. चार रात्रींना अडीच-तीन लाख मोजून मालदीव करायचं, की त्याच पैशांत अंदमान आणि वर दिवाळीत कोकण? तिकिटं काढणारे, डायव्हिंग शिकवणारे, कराचं काम बघणारे, ज्येष्ठांना फिरवून आणणारे अशा जाणत्या मंडळींनी इथे लिहावं ही विनंती. ‘खूप मज्जा आली’ एवढ्यावर थांबू नका. आकडे, वेळा, आणि गणित कुठे चुकतं ते लिहा.

नौपाडा, ठाणे (पर्यटन बुकिंग)

दराच्या पुढे ‘प्लस प्लस’ लिहिलंय का, ते सगळ्यात आधी बघा. रिसॉर्टची खोली दोघांना रात्रीला ४०० डॉलर प्लस प्लस असेल, तर त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लागतो, झाले ४४०. मग या ४४० वर १७ टक्के पर्यटन जीएसटी (जुलै २०२५ पर्यंत १६ होता), म्हणजे ७४.८०. वर ग्रीन टॅक्स, जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीला १२ डॉलर, दोघांचे २४. एकूण ५३८.८०. चारशेची खोली पाचशे चाळीसला पडली, आणि अजून जेवण यात नाही. दहा वर्षांचं मूल सोबत असेल तर ग्रीन टॅक्स तिघांचा. सूट फक्त दोन वर्षांखालच्या बाळाला.

दुसरा खर्च विमानतळावरून बेटावर जायचा. बेट जवळ असेल तर स्पीडबोट, लांब असेल तर सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. सीप्लेनला जाऊन-येऊन माणशी ४०० ते ६०० डॉलर सहज लागतात. हे विमान फक्त उजेडात उडतं. त्यामुळे साधारण दुपारी साडेतीनच्या आत मालेच्या विमानतळावर उतरलात तरच त्या दिवशी बेट गाठता येतं. संध्याकाळी उतरलात तर रात्र विमानतळाशेजारच्या हुलहुमाले बेटावरच्या हॉटेलात काढायची, आणि रिसॉर्टची पहिली रात्र आधीच बुक केली असेल तर तिचे पैसे गेले. स्वस्त तिकीट म्हणून संध्याकाळचं विमान घेतात, आणि तिकिटात वाचलेले पाच-सहा हजार त्या एका रात्रीत पन्नास हजारांना पडतात.

‘४ रात्री ५ दिवस’ या शब्दांवर जाऊ नका. खोली दुपारी दोन-तीनला मिळते आणि शेवटच्या दिवशी बाराला सोडावी लागते, म्हणजे पूर्ण दिवस हाती तीनच. सगळा खर्च तीनने भागा आणि जो आकडा येईल तो घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

सीप्लेनमध्ये सामान २० किलो आणि हातात ५ किलो. वरच्या प्रत्येक किलोला पैसे पडतात.

ऐरोली (डायव्हिंग प्रशिक्षण)

दादांनी हिशेब अगदी बरोबर मांडलाय. पण त्या पैशांत नक्की काय मिळतं, हेही बोलायला हवं. मालदीवचं मोल पाण्याखाली आहे. सुमारे १२०० बेटं, आणि बहुतेक एवढीशी की अर्ध्या तासात चालून फेरी पूर्ण होते. जमिनीवर बघायला फारसं काही नाही. पाण्यात उतरायचंच नसेल तर हे सगळ्यात महाग दृश्य आहे असं माझं स्पष्ट मत.

बुकिंगआधी रिसॉर्टला एकच प्रश्न विचारा: हाउस रीफ (बेटाला लागूनच असलेलं प्रवाळ) आहे का, आणि किनाऱ्यापासून किती मीटरवर? तीस-चाळीस मीटरवर असेल तर दिवसातून तीनदा फुकट स्नॉर्कलिंग (नळीतून श्वास घेत, पाण्यावर तरंगत खाली बघणं) होतं. नसेल तर प्रत्येक वेळी बोट करायची आणि प्रत्येक वेळी पैसे. पाण्यावरच्या बंगल्यांची जी निळीशार छायाचित्रं दिसतात, तिथे खाली बहुधा नुसती वाळू असते. निळा रंग पांढऱ्या वाळूमुळेच येतो, आणि वाळूवर मासे तुरळक. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापून तिथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं. त्यामुळे जुनी छायाचित्रं बघून ठरवू नका, याच वर्षीची मागा.

पाणी आपल्याला आवडतं का, हे तीन लाख न घालता तपासता येतं. ठाण्याहून किंवा पनवेलहून रेल्वेने कुडाळ, तिथून मालवण-तारकर्ली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. मालवणात दहा मिनिटांत ‘मला वर काढा’ म्हणणारा माणूस मालदीवलाही तेच म्हणणार.

मास्क इथूनच घेऊन जा. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. खाली घसरला तर कितीही महाग असो, पाणी आत येणारच. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये हमखास पाणी शिरतं, कारण रबर केसांवर नीट बसत नाही. नाकाखालची अर्धा सेंटिमीटर पट्टी भादरून टाका, नाहीतर तिथे व्हॅसलिन चोपडा. टी-शर्ट घालूनच पोहा. स्नॉर्कलिंगला तोंड खाली आणि पाठ तासभर उन्हात असते, पाणी गार असल्यामुळे भाजल्याचं कळत नाही आणि रात्री पाठ टेकवत नाही.

स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली जाणं) केलंत तर परतीच्या विमानाआधी १८ तास मोकळे ठेवा. सीप्लेनही त्यात आलं. म्हणजे शेवटच्या दिवशीचा डाइव्ह पॅकेजमध्ये घालूच नका.

वाशी (स्थानिक बेटांवरचं गेस्टहाउस बुकिंग)

नौपाड्याच्या दादांचा हिशेब फक्त रिसॉर्टचा आहे. माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाउस घेतलं तर खर्च खूप खाली येतो. पन्नासपर्यंत खोल्यांच्या गेस्टहाउसला ग्रीन टॅक्स १२ ऐवजी ६ डॉलर आहे. विमानतळावरून स्पीडबोटीने अर्धा-पाऊण तास. मालेहून सुटणाऱ्या सरकारी फेरीबोटीला दीड तास लागतो पण ती खूपच स्वस्त. मात्र शुक्रवारी फेरी बंद असते, हे ध्यानात न घेता तिकीट काढणारे बरेच असतात.

माझा आग्रह वाटणीचा आहे: तीन रात्री गेस्टहाउस, एक रात्र रिसॉर्ट, आणि रिसॉर्ट शेवटी. पहिल्या तीन दिवसांत बोटीने रीफ, सँडबँक (समुद्रातला वाळूचा उंचवटा), कासवं सगळं होतं. शेवटच्या दिवशी पाण्यावरची खोली. उलट क्रमाने केलं तर गेस्टहाउस उगाच कळाहीन वाटतं.

अटी आधीच सांगते. वस्तीच्या बेटावर दारू अजिबात नाही, देशात आणताही येत नाही, विमानतळावर काढून घेतात. पोहण्याच्या कपड्यांत फक्त ठरवून दिलेल्या ‘बिकिनी बीच’वर वावरायचं, गावात अंगभर कपडे. पूजेची मूर्ती नेऊ नका, कस्टमच्या मनाईच्या यादीत आहे.

शाकाहारींनी नीट ऐका. तिथली रोशी म्हणजे जवळजवळ आपली पोळीच, पण नाश्त्याला तिच्याबरोबर मस हुनी येतं, म्हणजे टूना, ओलं खोबरं आणि कांदा. रश्शात, सांबोळात (खोबऱ्याच्या चटणीत) सुकवलेला टूना चवीला पडतो. ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘मासा नको, सुका मासाही नको’ असं बुकिंगच्या ईमेलमध्येच लिहा. खाकरे, मेतकूट, चटणीचा डबा असू द्या.

खारघर (कर सल्ला)

परदेशी सहलीचं पॅकेज घेतलंत की एजंट वर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने सरकारसाठी गोळा केलेला कर, घेतो. दर बजेटमध्ये बदलत आले आहेत, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारा. हा खर्च नव्हे, तुमच्या पॅनवर जमा होणारा आगाऊ कर आहे. रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो, नोकरदारांना ऑफिसला कळवून पगारातल्या टीडीएसमध्येही धरता येतो. चूक होते ती पॅनमध्ये. ज्यांचं रिटर्न भरलंच जात नाही अशा आई-वडिलांच्या पॅनवर पॅकेज घेतात, आणि ती रक्कम अडकते. रिटर्न भरणाऱ्याच्या नावाने घ्या. नुसतं तिकीट किंवा नुसतं हॉटेल घेतलं तर ते पॅकेज धरलं जात नाही.

रिसॉर्टचं बिल डॉलरमध्ये येतं. साध्या क्रेडिट कार्डावर बहुधा साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप (परकीय चलनासाठी बँकेचा जादा आकार) आणि त्यावर जीएसटी. लाखाच्या बिलाला चार हजार झाले.

कळवा (ज्येष्ठांच्या सहली)

मे महिन्यात मालदीव स्वस्त का दिसतं, ते कोणी लिहिलं नाही. तेव्हा नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिथे पोचलेला असतो. वारा, खवळलेलं पाणी, गढूळ रीफ. तिथला खरा हंगाम डिसेंबर ते एप्रिल, आणि दरही तेव्हाच चढे. अंदमानातही मेच्या उत्तरार्धात पाऊस येतो आणि बोटी रद्द होतात. मुलांच्या शाळेमुळे मेच हवा असेल तर मॉरिशस बघा. दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तिथे चक्रीवादळांचे दिवस तोवर सरलेले आणि हवा सुखाची. भारतीय पासपोर्टला व्हिसाचा खर्च नाही, जमिनीवरही बघायला भरपूर आहे, आणि तिथली मराठी मंडळी आजही गणपती बसवतात.

आजी-आजोबा सोबत असतील तर सीप्लेन टाळा. चढायला अरुंद शिडी, तीही हलत्या तराफ्यावरून. आत एसी नाही, आवाज इतका की कानात बोळे घालावे लागतात. स्पीडबोटीत पुढे बसवू नका, तिथे दणके सगळ्यात जास्त बसतात. कंबरदुखीवाल्याला मागच्या बाकावर, इंजिनाजवळ बसवा.

अंदमान ठरलं तर हॉटेलाआधी बोटीचं तिकीट काढा. पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) ते हॅवलॉक खासगी बोटीने दीड तास, सरकारीने अडीच. घड्याळ आपलंच, पण बेटं खूप पूर्वेला, त्यामुळे हिवाळ्यात पाच-साडेपाचला सूर्य मावळतो. आपल्यासारखं दहाला न्याहारी करून निघालात तर निम्मा दिवस गेलाच. सेल्युलर जेलला सकाळचा वेळ ठेवा. सावरकरांच्या कोठडीपर्यंत जिने चढावे लागतात, ज्येष्ठांना घाई करू नका.

सीवूड्स

भर एवढीच: नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटतात. तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई), ते वाचा. जोडविमान असेल तर जाताना एक आणि येताना दुसरा विमानतळ येऊ शकतो, आणि गाडी भलत्याच ठिकाणी उभी राहते.

मानपाडा, ठाणे

ऐरोलीच्या ताई, चष्मा असेल तर मास्कचं काय करायचं? उणे चार नंबर आहे.

ऐरोली

चष्म्यावर मास्क बसत नाही, काड्यांच्या फटीतून पाणी येतं. नंबरच्या काचांचे तयार मास्क मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या फरकाने. तुम्ही साडेतीनचा किंवा चारचा घ्या. पाण्यात वस्तू मोठी आणि जवळ दिसते, म्हणून थोडा कमी नंबर चालून जातो. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर दोन्ही काचा वेगळ्या सांगून बसवून घ्या. रिसॉर्टवर असे मास्क असतातच असं नाही, म्हणून तीन-चार आठवडे आधी मागवा.