बेअरिंग नंतर, आधी बेडचा पीळ बघा

खानापूरच्या मित्राचा जुना लेथ (धातू गोल कातायचं यंत्र) १०० मिमीत ०.०६ मिमी टेपर काढतोय, म्हणजे जॉब एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक येतोय, आणि त्यावर जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलची बेअरिंग बदलायचा सल्ला आलाय. थांबा. बेअरिंग गेली की फिनिश बिघडतं, चॅटर (कापताना थरथर) येतो, जॉब गोल राहत नाही. एकसारखा टेपर बहुधा बेडला, म्हणजे लेथच्या खालच्या लांब पायाला, पीळ पडल्याचा.

३० मिमीचा एमएस (साध्या पोलादाचा) बार चकमध्ये धरा, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) लावू नका. मधला भाग उतरवून १०० मिमी अंतरावर दोन कॉलर (जाड कडी) ठेवा. टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या क्रॉस-स्लाइडला मध्ये हात न लावता दोन्हींवर ०.१ मिमीचा कट घ्या आणि मायक्रोमीटर लावा. टूल धारदार एचएसएसचंच (हाय-स्पीड स्टील). बोथट कार्बाइडच्या दाबानं बार वाकतो आणि खोटा टेपर दिसतो.

मोकळ्या टोकाचा कॉलर जाड आला, तर टेलस्टॉककडच्या पुढच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या पायाखाली ०.१ मिमीची शिमपत्री (पातळ पत्र्याचा तुकडा) सरकवा, बोल्ट आवळा, पुन्हा कट. बारीक आला तर मागच्या पायाखाली. दोन-चार फेऱ्या लागतातच.

आणि काळी माती पावसाळ्यात फुगते, वरची शहाबादी फरशी उचलते हो, मिरगानंतर तपासणी पुन्हा करा. पीळ काढूनही टेपर उरला, तरच हेडस्टॉक (स्पिंडलचा डबा) सरळ करायला त्याचे बोल्ट सैल करा.